घोड्याचा मागचा पाय

पेंटरांचा दात ठणकत होता, पण ते दवाखान्यात जायला तयार नव्हते. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, एका बाजूने चावून झालं. गाल सुजून टम्म झाला तेव्हा बायकोने विचारलं, दुसऱ्या एखाद्या डॉक्टरकडे जायचं का. पेंटर इतक्या चटकन हो म्हणाले की तिला संशय आला. दातांची डॉक्टर म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या हाताला यश होतं, दवाखाना कोपऱ्यावर होता. मग हिच्याकडेच जायला काय धाड भरली होती?

धाड भरली होती ती दवाखान्यातल्या घोड्यामुळे. एरवी पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवत, पण हा घोडा त्यांनी हौसेने रंगवला होता. टेकडीवर उभा, वाऱ्याने आयाळ उडालेली, चांगला पुरुषभर उंच. मैत्रिणीने दवाखाना थाटला तेव्हा बायकोने त्यांना न विचारता तो भेट देऊन टाकला. भिंतीवर टांगून झाल्यावर पेंटर चार पावलं मागे सरले आणि मगच त्यांना चूक दिसली. घोड्याचा मागचा पाय मधल्या सांध्यात मागच्या बाजूला वळतो. यांच्या घोड्याचा उजवा पाय माणसासारखा पुढे वळला होता. तेव्हापासून त्यांनी तो रस्ताच सोडला.

शेवटी बायकोने त्यांना दंडाला धरून नेलं. हिरडीत सुई टोचून, ती जागा बधिर होईपर्यंत डॉक्टरने त्यांना बाहेर बसवलं. पेंटरांनी घोड्याकडे पाठ येईल अशी खुर्ची निवडली. त्यामुळे भिंतीवर घोडा पाहणारे सगळे पेशंट त्यांच्या समोर आले. त्यांत एक निवृत्त पोस्टमन होते. गुडघ्याने अधू, त्यातून दाढेने बेजार. ते शेजारणीला म्हणाले, "त्या घोड्याचा मागचा पाय बघा."

पुढे ते काय म्हणतात हे ऐकायच्या आत पेंटरांना आत बोलावलं गेलं. पण ऐकायचं राहिलं होतंच काय! आपली अब्रू रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्याच्या वेळात चव्हाट्यावर येते आहे, याची त्यांना खात्री पटली. खुर्चीत टेकताच त्यांनी डॉक्टरला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. मात्र एव्हाना अर्धं तोंड बधिर झालं होतं.

"फाय चुकलाय," पेंटर म्हणाले.

"पाय? पायाला काय झालं, भाऊजी?"

"आगचा. उजवा."

डॉक्टरच्या हातातली पक्कड तशीच राहिली. तिने बायकोला आत बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "यांना आधी कधी असं झालं होतं का गं? मागचा उजवा पाय म्हणतायत."

बायकोचं तोंड उतरलं. पेंटर हातवारे करून भिंतीपलीकडे दाखवू लागले, तेव्हा तर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रक्तदाब तपासला गेला. घाबरल्यामुळे तो थोडा चढलेलाच निघाला. पोटरीला चिमटे काढून झाले. मग त्यांना बाहेरच्या खोलीत सरळ रेषेत चालायला लावलं. पेशंट पाय आखडून बसले. चालता चालता पेंटरांची नजर घोड्यावर गेली आणि ते स्टुलाला अडखळले. डॉक्टरने त्यांना पुन्हा खुर्चीत घातलं आणि आणखी काही बिघडायच्या आत दात उपटून टाकला.

जीभ वळू लागल्यावर घरी बायकोला उलगडा झाला. तिने कपाळावर हात मारला. ती म्हणाली, इतकी वर्षं मी तो घोडा पाहतेय, मला कधी काही दिसलं नाही. पेंटर म्हणाले, पोस्टमनांना दिसलं.

नव्या दाताचं माप द्यायला पेंटर रंगांची पेटी घेऊनच गेले, तेही दवाखाना उघडायच्या आधी. झाडणाऱ्या मावशींनी दार उघडलं. थोडी डागडुजी करायची आहे, असं सांगून ते स्टुलावर चढले. पेशंट यायला लागेपर्यंत पाय नीट झाला होता. सांधा मागे, खूर टेकलेला, मांडीचा स्नायू तटतटलेला. असा पाय आपल्या हातून पूर्वी कधी उतरला नव्हता, असं त्यांना वाटलं. आयुष्यातलं एक ओझं उतरलं. त्या आठवड्यात त्यांनी रंगवलेल्या पाट्यासुद्धा जरा जास्तच ऐटदार झाल्या.

मग डॉक्टरचा फोन आला. घोड्याला तुम्ही हात लावलात का, असं तिने विचारलं. पेंटरांनी शाबासकीच्या तयारीने घसा साफ केला आणि नम्रपणे हो म्हटलं.

"मग तो होता तसा करून द्या, भाऊजी. पेशंट ऐकत नाहीयेत."

तिने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की पोस्टमन दाढ काढायला आले, घोड्यासमोर बसले आणि दाढ न काढताच घरी निघून गेले. तो घोडा म्हणे पाय दुखत असूनही ताठ उभा होता. त्याच्याकडे पाहून त्यांना धीर यायचा. ते हे प्रत्येक नव्या पेशंटला सांगायचे आणि त्यालाही धीर यायचा. आता तो घोडा ठणठणीत झाला आहे आणि आपल्यावर हसतो आहे, असं लोकांना वाटतं.

पेंटरांनी फोन ठेवला. त्यांना बरं वाटावं की वाईट, हे ठरेना. शेवटी बायकोने पेटी त्यांच्या हातात दिली आणि स्वतःही बरोबर निघाली.

नवा दात तयार होता, म्हणून डॉक्टरने आधी तो बसवून टाकला. मग पेंटर स्टुलावर चढले. एकदा बरोबर जमलेला पाय मुद्दाम चुकवणं हे त्यांना वाटलं होतं त्याहून फार अवघड निघालं. हात ऐकेना. पहिल्या खेपेला पाय गाढवाचा झाला, दुसऱ्या खेपेला टेबलाचा. पोस्टमन मुद्दाम आले होते. ते खुर्चीतून सूचना देत होते, आणखी थोडा पुढे, इतका नाही, जरा बिचारा दिसू द्या. इतर पेशंटांनीही आपापल्या आठवणीप्रमाणे भर घातली. दुपार कलली तेव्हा कुठे पोस्टमनांनी मान डोलावली. "हा आपला घोडा," असं म्हणून ते आपणहून आत गेले आणि दाढ काढून, गालात कापूस धरून बाहेर आले.

ते पाहून पेंटर मोकळेपणाने हसले. डॉक्टरही हसली. मग एकाएकी तिचं हसू मावळलं.

"पुन्हा हसा बघू," ती म्हणाली. पेंटर हसले. ती जवळ आली, दूर गेली, डावीकडून पाहून झालं, उजवीकडून पाहून झालं. दात केसभर तिरका बसला होता. वर शेजारच्या दातांपेक्षा किंचित पांढरा. तिने बायकोला दाखवला, बायकोला काही दिसेना. पोस्टमनांनी चष्मा पुसून पाहिलं आणि कापसासकट मान हलवली. पेंटर शपथेवर म्हणाले, असा दात त्यांना ऐन तारुण्यातसुद्धा नव्हता.

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं, भाऊजी," डॉक्टर म्हणाली. "हा असा दात घेऊन तुम्ही गावभर फिरणार, आणि मला झोप लागणार?"

पेंटरांनी बायकोकडे पाहिलं. भिंतीकडची खुर्ची पकडून, पर्स मांडीवर घेऊन ती आरामात बसली. पेंटर स्टुलावरून उतरले, हात पुसले आणि निमूट आत जाऊन आ करून पडले.