हॉलमधली म्हैस

मला फसवणारा अजून जन्माला यायचाय! हे मी तोंडावर सांगतो, मग समोर कुणीही असो. म्हणून तर भावकीत पोरीसाठी घर पाहायला जायचं असलं की पहिला फोन मला, म्हणजे सांडूला येतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आपल्या दारात लावणारे, मेव्हण्याच्या म्हशी आपल्या गोठ्यात बांधणारे, असे लई बहाद्दर मी उघडे पाडलेत. मी भिंत ठोकून बघतो, नळ सोडून बघतो. पाणी नाय आलं तर चहासुद्धा घेत नाही. (घेतो, पण रागानं घेतो.)

या खेपेला सख्खी पुतणी होती, श्रेया. मुलगा सत्यम. छावणी भागात ऑफिस. काम काय, तर न बांधलेली घरं लोकांना दाखवायची! आता मला सांगा, हा धंदा झाला की गुन्हा?

"काका, मला मुलगा पसंत आहे," श्रेयानं गाडीतच बजावलं. "तिथं कुणाचा अपमान करू नका. माझं लग्न मोडेल."

पोरीला एवढा पसंत? म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे!

मुकुंदवाडीत सत्यमच्या घरचे भाड्यानं राहतात, आधी तिथं गेलो. पडेगावला प्लॉट आहे, तिथं बंगला होणार, असं सत्यमनं सांगितलं.

"होणार?" मी म्हणालो. "मग आम्ही काय तुमचे विचार बघायचे?"

सत्यमनं माझ्या डोक्यावर डोळे झाकणारा टोप चढवला. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणे. क्षणात मी बंगल्यात! फरशी आरशासारखी. अंगणात उतरलो, तर समोरून म्हैस, शिंगं रोखून माझ्याच अंगावर! "हाड! हाड!" करत मी मागं सरलो आणि बसलो ते थेट सत्यमच्या आजीच्या मांडीवर.

"आगं आई गं!" आवडाबाई किंचाळल्या. "ह्यो घर बघाया आलाय का माझा जीव घ्याया?"

सगळे हसले. श्रेयाचा बाप, माझा भाऊ कारभारी, तो तर सगळ्यात मोठ्यानं!

"काका, ती खोटी होती," सत्यम म्हणाला. "आजीला म्हशीबिगर घर नको, म्हणून मीच टाकली आत."

बरं बेट्या. पुन्हा हसं होऊ देणार नाही!

मग पडेगाव. प्लॉटवर नुसतं जोतं. सत्यमनं हातात टॅब दिला. "आता ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. यातून बघा." बघतो तर जोत्यावर बंगला उभा! भिंती, पंखा, सोफा!

"काका, नीट ऐका," श्रेया म्हणाली. "मघाच्या टोपात सगळंच खोटं होतं. इथं फक्त घर खोटं. बाकी दिसतंय ते खरं."

"मला शिकवू नको! खोटं ते खोटं. त्यात काय अर्धी तिकिटं असतात का?"

टॅब डोळ्यांसमोर धरून हॉलमध्ये शिरलो. सोफ्याशेजारी तीच म्हैस, रवंथ करत! पोरगा हुशार होता. वाससुद्धा टाकला होता पठ्ठ्यानं!

"काका, मागं सरका!" सत्यम ओरडला.

"का? पकडला गेलास म्हणून? ही बघा ह्यांची कंप्युटरची म्हैस!" असं म्हणून मी शेपूट धरून हिसका मारला.

शेपूट हाताला लागलं. गरम होतं. मला फरक तत्काळ समजला, पण म्हैस समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती. तिनं अशी लाथ झाडली की टॅब श्रेयाच्या हातात आणि मी शेणात!

श्रेयानं टॅब वळवून दाखवला. त्यात मी सोफ्यावर ऐसपैस लोळत होतो.

"घर पटलं का, सांडू?" कारभारीनं विचारलं.

तेवढ्यात आवडाबाई आल्या. "माझी गाभण म्हैस हाय ती! शेपटाला हात घालतो व्हय रं मुडद्या? नको मला असलं सोयरं! आज म्हशीचं शेपूट वढलं, उद्या माझा आंबाडा वढतील!"

नकार द्यायला मी आलो होतो आणि नकार आम्हालाच! श्रेया रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्यापेक्षा दुसरी लाथ परवडली असती.

दुसऱ्या दिवशी सरकी पेंड घेऊन एकटाच पडेगावला गेलो. आधी लांबून काठी लावून म्हैस खरी असल्याची खात्री केली, मग तिला हात जोडले. आवडाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या, शेजारी सत्यम. म्हशीनं पेंड खाल्ली.

"तिनं माफ केलं, तर मी कोण?" म्हातारी म्हणाली. "पोरगी द्या. पण ह्यो माणूस मांडवात दिसला नाय पायजे!"

"आजी, सख्खा काका आहे तो!" सत्यम म्हणाला.

"मग दाव त्याला लगीन त्या टोपात!"

लग्न झोकात झालं. मी पहिल्या रांगेत होतो, म्हणजे माझ्या खुर्चीवर कॅमेरा होता आणि मी घरी पलंगावर टोप घालून. श्रेया माझ्याकडं बघून हसली. मला भरून आलं. मंगलाष्टकं संपली आणि मी दोन्ही हातांनी अक्षता उधळल्या.

तेवढ्या मात्र खऱ्या होत्या. लग्नाहून आल्यापासून बायको गादी झाडतीय!