केशोरावांचा एकांत

"बाबा, एकटेच बसजा. दुसरा माणूस दिसला का बँकवाले फोन बंद करतेत," हेमेंद्रनं पुन्हा बजावलं.

हेमेंद्र समुद्रापलीकडच्या एका बेटावर हॉटेलात आचारी म्हणून लागला होता. बेट एवढंसं, की कोंबडं जोरात उडालं तर समुद्रात पडावं. पण तिथल्या बँकेचे कायदे डोंगराएवढे. खात्याला वारस म्हणून बापाचं नाव, तर बापानं व्हिडिओवर ओळख पटवावी, तीही एकट्यानं. बाजूला बसून कोणी धमकावत नाही ना, याची तिथल्या साहेबांना खात्री हवी. आज शेवटचा दिवस. खातं नाही तर पगार नाही, आणि नोकरी दुसऱ्याच्या घशात.

दिवेलागणीला केशोरावांनी दार लोटलं. सालेकशाकडच्या त्या गावात दार लोटलं म्हणजे घरात एकतर भांडण असतं, नाहीतर मटण. फोन लागला. पडद्यावर हिंदी बोलणारी मुलगी आली.

"अंकल, आप अकेले हैं?"

"एकदम अकेला!"

मागून त्यांची बायको शामकलाबाई कप घेऊन हजर. "पोरगी एवढ्या लांबून बोलून राहिली, तिले चहाचं तं विचारा!"

फोन बंद.

केशोराव फोन घेऊन गोठ्यात गेले. शेजारच्या दुधरामनं फटीतून पाहिलं, तर हा गृहस्थ म्हशीशेजारी उभा राहून म्हणतोय, "मी माह्या मर्जीनं बोलून राहिलो, मले कोणाची जबरदस्ती नाही." दुधरामला हे लक्षण बरं दिसेना. त्यानं पारावरची सगळी माणसं गोठ्यात आणून ओतली.

"का झालं गा केशोराव? वहिनी बोलली का?"

फोन पुन्हा बंद.

"घरी जा ना बाप्पा! मले एकटं राहू द्या!"

एवढं ऐकल्यावर कोणता शेजारी घरी जाईल? दोघं तर त्यांचे हात धरूनच बसले. तेवढ्यात हेमेंद्रचा निरोप आला: आता शेवटचा फोन.

केशोरावांनी डोकं चालवलं. "बरं झालं सारे आले. चला, फावडे आना. आपल्या गल्लीची नाली आत्ताच साफ करू."

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गोठ्यात केशोराव आणि म्हैस. शामकलाबाईसुद्धा कुठं दिसेनात.

फोन लागला. मुलगी खूश झाली. "बस, आखरी बात. किसी पड़ोसी से कहलवा दीजिए कि आप यहीं रहते हैं."

केशोराव फोन घेऊन गल्लीत धावले. दारं धडाधड लागली. दुधरामची कडी अडकली, म्हणून तेवढा तो सापडला.

"सांग गा या पोरीले, मले ओळखतेस ना?"

"नाही बा. पहिल्यांदाच पाहून राहिलो."

केशोरावांचं टाळकं सटकलं. "ओळखत नाही? मंग माह्या वावराच्या धुऱ्याची, बांधाची माती कोणं कोरली?"

"मी? तूनंच कोरली! तुह्या बापानं कोरली, तुह्या आज्यानं कोरली! तीन पिढ्या तुह्या बाजूले राहून राहिलो, म्हणून सहन केलं!"

"थैंक यू अंकल," मुलगी घाईघाईनं म्हणाली, "पता पक्का हो गया. खाता भी."

केशोरावांनी दुधरामला कडकडून मिठी मारली. दुधराम अंग चोरत म्हणाला, "मिठी कितीबी मार. नालीत मी उतरत नाही."