गाई हाकलायची दोन मिनिटं

"काका, नंदिनी ते बिरसी किती?" असं कुणी विचारलं की सुकाजीकाका हातातलं काम टाकून, छाती पुढे काढून सांगायचे, "अठ्ठावीस मिनिटं. सव्वीस उडाची, दोन गाई हाकलाची."

खोटं नाही सांगत, हा माणूस जन्मात विमानात बसला नव्हता! भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं एकाच गँगमध्ये लोखंडी तुळया चढवणारे मजूर, तिथे त्यांना खलाशी म्हणत, राहायलाही शेजारी-शेजारी. जवळच्या नंदिनीच्या धावपट्टीकडे साहेब लोकांचं विमान निघालं की काका तुळईवर उभे राहून बघत बसायचे आणि खालून मुकादम शिव्या घालायचा.

बिरसी हे गोंदियाजवळचं त्यांचं गाव. लढाईच्या दिवसांत इंग्रजांनी तिथेही धावपट्टी बांधली. तिची गिट्टी काका आणि त्यांच्या मायनं फोडलेली. लढाई संपली, विमानं गेली आणि पट्टीवर गाई बसायला लागल्या.

आता ही अठ्ठावीस मिनिटं आली कुठून? तर ड्रॉइंग ऑफिसातल्या एका बाबूला पटवून, नकाशावर पायजम्याची नाडी लावून काकांनी अंतर मोजलं होतं आणि विमानाच्या वेगानं त्याची मिनिटं काढून घेतली होती. मग काय, सगळं जगच त्या मापात! नळावर रांग लागली, "एवढ्यात तं माणूस बिरसीले पोचते." कँटीनचा चहा उशिरा आला, तेच. माझ्या लग्नात भटजीनं लांबण लावली तर भर मांडवात ओरडले, "महाराज, जाऊन वापस बी आलो असतो न मी!"

मी चिडवायचो, "मंग जात कावून नाही काका? साल झालं."

"माय काय दूर आहे का बे? तिले सांगून ठेवलं, अठ्ठावीस मिनिटावर आहो मी. घाबरू नोको."

खरं म्हणजे गोंदियापर्यंत पॅसेंजर, पुढे पायी. अख्खा दिवस मोडायचा आणि सुट्टी काही मिळत नव्हती.

एका दुपारी तार आली. माय सिरियस. काका कामाच्या कपड्यांनिशी दुर्ग स्टेशनावर पळाले, तर गाडी निघून गेलेली. दुसरी सकाळी.

आठ दिवसांनी ते मला नळावर दिसले. रांग ही मोठी, पण काका गप्प. मला राहवेना. "भेट झाली का काका?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"तार टाकाले माणूस धाडला आन् लगेच मायनं शेजारणीले पट्टीवर पाठवलं. म्हणे, गाई हाकल बाई, माहा सुक्या येऊन राहिला."

त्यांची बादली भरून वाहत होती, तरी ते तिथेच उभे.

"दुसऱ्या दिवशी मी पट्टीवरूनच गेलो घरी," काका म्हणाले. "साफ होती बाबू. एक बी गाय नव्हती."