रडूबाईचा खुराक

प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं आणि संशोधकाचे रानउंदीर त्याच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आले. घराला लागलेला वास काही केल्या जाईना. पण बायको वासाबद्दल चकार शब्द काढत नसे. तिला घोर होता नोकरीचा. नेमणूक या महिनाअखेर संपत होती, आणि ती वाढवायची की नाही हे ठरवायला विभागप्रमुख मॅडम आज जातीने घरी यायच्या होत्या.

त्याचा सिद्धांत सरळ होता. ज्या उंदराच्या शरीराची भट्टी जोरात, तो धीट. ज्याची मंद, तो भित्रा. उंदीर मोकळ्या पेटीत सोडायचा, मधून धावतो की भिंतीला चिकटतो ते पाहायचं, मग बरणीत ठेवून किती प्राणवायू ओढतो ते यंत्रावर मोजायचं. सगळे उंदीर शहाण्यासारखे वागत. घोडं अडलं होतं एकट्या रडूबाईपाशी. ही उंदरी भिंत सोडायला तयार नाही, आणि बरणीत घातली की यंत्राचा काटा सगळ्यांत वर! मॅडमसमोरही तिने नेमकं तेच केलं.

"या एकटीनेच तुमचा सिद्धांत बुडवला की हो," मॅडम म्हणाल्या.

संशोधक भिंतीला टेकला. मॅडम असल्या की तो तसाही भिंतीच्या कडेकडेनेच वावरायचा.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "अहो, तिला आत्ता कशाला मोजताय? नुकतीच जेवलीय बिचारी."

"जेवलीय? अगं, मोजायच्या आधी उपाशी ठेवायचं असतं! पोटात अन्न गेलं की भट्टी आपोआप पेटते!"

"मला कधी सांगितलंत? एवढासा जीव, कोपऱ्यात तोंड लपवून बसतो. रोज सकाळी पावाचा तुकडा अगदी तोंडाशी नेऊन धरते, तेव्हा कुठे खाते. तुमच्यासारखीच आहे हो ती."

मॅडम चक्क हसल्या. "म्हणजे काटा पावाने चढला! मग तुमचा सिद्धांत शाबूत आहे. थांबा, मुदतवाढीचा फोन करूनच येते." आणि त्या बाहेर गेल्या.

संशोधकाचा जीव भांड्यात पडला. "वाचवलंस गं. बाकीच्यांना नाही ना काही देत?"

"त्यांना कशाला भरवायचं? मेले माझी चाहूल लागली की जाळीशी धावत येतात, हातातून ओढून नेतात. घाबरट असतात ते मागे राहतात, उपाशीच."

त्याने वळून पिंजऱ्यांकडे पाहिलं. धीट होते ते खात होते, म्हणून त्यांची भट्टी जोरात. भित्रे उपाशी, म्हणून त्यांची मंद. सगळी मोजमापं याच खोलीतली. उंदरांचा स्वभाव राहिला बाजूला, त्याने इतके दिवस बायकोचा पाव मोजला होता.

त्याचा चेहरा पाहून तिला सगळं उमगलं. "बोलू नका काही," ती कुजबुजली. "मॅडमना कुठे कळणार आहे?"

"नाही कळणार."

"मग? घर कशावर चालवायचं आपण?"

मॅडम फोन कानाला लावूनच आत आल्या. तो भिंत सोडून निघाला, खोलीच्या बरोबर मधून चालत गेला आणि म्हणाला, "मॅडम, फोन ठेवा." मग त्याने सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी फोन बंद केला. "लपवलं असतंत, तर मला पत्ता लागला नसता."

"नसता, मॅडम."

"मुदतवाढीचं आता विसरा. मोजमापंच बाद झाली, मी तरी वर काय सांगणार?" त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "सकाळपासून काही खाल्लंत का हो?"

"नाही. घासच उतरला नाही."

"उपाशीपोटी एवढी हिंमत? मग तर सिद्धांत नक्कीच गेला," असं म्हणून त्या गेल्या.

तो परत भिंतीशी जाऊन बसला. बायकोने डोळे पुसले, आतून पावाचा तुकडा आणला आणि अगदी त्याच्या तोंडाशी नेऊन धरला.