देवस्थळीकाकांनी परत पाठवलेला मासा

हॉटेलात आलेला पदार्थ देवस्थळीकाका एकदा तरी परत पाठवतातच. सूप गार असतं, ब्रेड शिळा असतो, लिंबाची फोड जाड कापलेली असते. एकदा तर त्यांनी पाणीच परत पाठवलं. "बर्फ नको म्हटलं होतं, तर यांनी बर्फ काढून तेच पाणी आणलं. पास नाही."

"पास नाही" हा त्यांचा कायमचा निकाल. अमेरिकेत नोव्हाय गावाजवळच्या मोटारींच्या कारखान्यात ते आयुष्यभर ब्रेक तपासत होते. रिटायर झाल्यावर ब्रेक सुटले, तपासणी सुटली नाही. इंडियन ग्रोसरीत ते भेंडीचं टोक मोडून बघतात. हल्ली अनोळखी बायकाही आपली पिशवी त्यांच्यापुढे धरतात. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं, तर शांतपणे सांगतात, "स्थळं बरीच पाहिली. एक मला पसंत पडलं, तर तिकडून मीच परत आलो."

म्हणून काका एकटे. दर शुक्रवारी जेवायला मात्र नाना शिंद्यांकडे. दोघं एकाच कारखान्यात होते, अमेरिकेतली पहिली खोलीही दोघांनी मिळून घेतली होती. नानी सांगतात, "भावोजींनी माझी भाकरीसुद्धा परत पाठवली होती एकदा. मी तीच उलटी करून वाढली. लगेच पास!"

या उन्हाळ्यात नाना-नानींनी घर विकलं. रविवारी ते डॅलसला मुलाकडे कायमचे जाणार होते. काकांनी मला फोन केला. "नानीची पातेली खोक्यात गेलीत. शेवटचा शुक्रवार माझ्याकडून. नानाला भाजलेला अख्खा मासा आवडतो. ग्रिलचं चांगलं हॉटेल बघ. हे जेवण नीट झालं पाहिजे." काका स्वतः अंडंही खात नाहीत.

मी संध्याकाळी सहा वाजताचं टेबल बुक केलं. सामान न्यायला ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येणार होता, म्हणून रात्री आठला टेबलावरून उठायचं असंही ठरवून टाकलं. काका, नाना-नानी, माझा नवरा सुहास आणि मी, असे पाच जण गेलो.

जेवण सुमार होतं. कणीस बाहेरून कोळसा, आतून कच्चं. मश्रूम रबरासारखे. सगळ्याला धुराचा वास, चव कशालाच नाही. सुहास पुटपुटला, "यार, यापेक्षा घरी खिचडी टाकली असती." मी त्याला टेबलाखालून पाय मारला.

नानांचा मासा आला. काका समोरूनच वाकून बघत म्हणाले, "काट्यापाशी गुलाबी आहे. पास नाही."

"भावोजी, तुम्हाला माशातलं काय कळतं?" नानी म्हणाल्या.

"मला कच्चं कळतं."

मासा परत गेला. पुन्हा आला तेव्हा कातडी जळली होती. पुन्हा परत. वेट्रेस हसून "नो प्रॉब्लेम" म्हणाली, पण मघापेक्षा कमी हसून. आमच्या ताटल्या रिकाम्या झाल्या, शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं बदलली.

"काका, आठ वाजून गेले," मी म्हटलं.

"वाजू देत. जेवण कुठे झालंय अजून?"

दुसरा मासा आला. तो इतका शिजला होता की ताटलीत ठेवताच मोडला आणि काटे सगळीकडे पसरले. काकांनी वेट्रेसला बोलवायला हात वर केला. नानांनी तो धरून खाली घेतला.

"वसंता, पुरे."

"पण नीट झालं नाहीये रे."

"ठाऊक आहे. फेल झालेली गाडी आपण गेटबाहेर सोडत नव्हतो. पण मी गाडी नाही. मी रविवारी जाणारच."

वेट्रेस येऊन उभी राहिली. सगळं ठीक आहे ना, असं तिने विचारलं. "फाइन," काका म्हणाले. "इट इज फाइन." इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

नानांचा हात हल्ली थरथरतो. काटे नानीच काढून देतात. त्यांनी ताटलीकडे हात नेला, पण काकांनी ती आधीच आपल्याकडे ओढली होती. काटा-सुरी बाजूला ठेवून त्यांनी बोटांनी मासा सोडवायला घेतला. निघालेला प्रत्येक काटा नॅपकिनवर ठेवायचे, मग तुकडा चिमटीत दाबून बघायचे, पुन्हा एकदा दाबायचे आणि मगच नानांच्या पुढे सरकवायचे. नाना खायचे आणि थांबायचे. नानी खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत होत्या. सुहासने पर्स माझ्या हातात दिली. मी ती पुन्हा खुर्चीला अडकवली.

पाहुणे पानावर बसले की यजमानाने जे म्हणायचं असतं, ते काका मान वर न करता म्हणाले.

"सावकाश होऊ दे."