पिवळा दिवा आणि बाटलीभर तेल

आधीच सांगून ठेवतो, मी फक्त एवढंच म्हणालो होतो की, गाडी गॅरेजमध्ये कशाला न्यायची, आपणच बघू. बास. एवढ्या एका वाक्यावरून माझ्याच घरात माझ्या वाट्याला जे आलं, त्याला अन्याय म्हणतात. दुसरा शब्द नाही.

गाडी आमची सेकंडहँड, पण सुपरचार्जरवाली. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गाडीचं इंजिन आपल्या कुवतीप्रमाणे हवा ओढून घेतं. सुपरचार्जर हा पट्ट्यावर फिरणारा एक पंप, तो इंजिनात हवा कोंबतो. त्यामुळे गाडी उधळते. (मी उधळू देत नाही. मला सायकलीसुद्धा ओव्हरटेक करतात. पण अंगात ताकद असणं वेगळं आणि ती दाखवणं वेगळं, हे बायकोला पटत नाही.)

तर एके सकाळी बायकोला तिच्या लॅबमध्ये सोडायला निघालो आणि समोरच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

"अहो, हा कसला दिवा?"

"इंजिनाचा आहे. किरकोळ."

"किरकोळ गोष्टीला कुणी दिवा लावतं का? गॅरेजमध्ये दाखवा."

इथेच ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. संध्याकाळी मी एक यंत्र घेऊन आलो. ते स्टिअरिंगखाली खोचलं की गाडीचं दुखणं मोबाइलवर दिसतं. निदान झालं: हवा मोजणारा सेन्सर चुकतोय. हा सेन्सर म्हणजे हवेच्या पाइपात बसवलेली केसाएवढी तार. तिच्यावरून किती हवा गेली ते बघून इंजिन पेट्रोल किती घ्यायचं ते ठरवतं.

मी रविवारी तार स्प्रे मारून लख्ख केली. आता बॉनेट उघडलंच आहे तर अर्धवट काम कशाला, म्हणून एअर फिल्टरही काढला, धुतला, वाळवला आणि त्याला तेल लावलं. आमचा फिल्टर धुऊन वापरायचा आहे, त्यावर धूळ चिकटावी म्हणून खास तेल लावावं लागतं. तेल लावताना हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही. मग यंत्रावरून एरर पुसली. दिवा गेला! मी घरभर छाती काढून हिंडलो. (अंगकाठी बेताची असल्यामुळे ती कुणाच्या लक्षात आली नाही.)

दोनच दिवसांत दिवा परत हजर.

मी पेट्रोल पंपावर जाऊन भांडलो. ज्यानं गाडी विकली त्याला फोन लावला.

"तुम्ही मला फसवलंत!"

"अहो, माझ्याकडे होती तोवर एकदाही दिवा लागला नाही."

"म्हणजे मी लावला?"

"मी कुठं तसं म्हणालो?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

पुढच्या रविवारी नवा सेन्सर बसवला, फिल्टर पुन्हा धुतला, पुन्हा तेलानं न्हाऊ घातला. दिवा गेला आणि आला. आता यंत्र म्हणे सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सरही तक्रार करतोय, हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडलंय. मी तोही बदलला. जेवणाच्या टेबलावर नट, पाने आणि जुने सेन्सर मांडलेले असायचे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. शोधकार्यात एवढा त्रास होतोच. पण बायकोनं एका शनिवारी रात्री ताट खाली ठेवलं.

"येत्या शनिवारपर्यंत हा दिवा गेला नाही ना, तर गाडी माझ्या भावाला देऊन टाकायची."

माझा मेव्हणा! ज्याचा या गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा आहे! जो सुपरचार्जरला "तो शिट्टीवाला डबा" म्हणतो! माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"मी सगळं बदललं, आणखी काय करू?"

"तेच तर. आमच्या लॅबमध्ये असं सगळं एकदम बदललं तर हाकलून देतील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं."

रक्त तपासणाऱ्या बाईनं मला इंजिन शिकवावं! मी रागानं पाणी प्यायलो आणि रविवारी पुन्हा कामाला लागलो. तार पुसली, फिल्टर धुतला, आणि बघतो तर तेलाची बाटली गायब.

"माझी नवी बाटली कुठंय?"

"आपल्या कपाटाचं दार किती महिने करकरतंय, तुम्हाला सांगून थकले. तेल घातलं बिजागऱ्यांना."

"अख्खी बाटली?"

"घरात दारं काय कमी आहेत?"

ऐन परीक्षेच्या आठवड्यात हा घात! दुकान बंद. फिल्टर कोरडाच बसवला आणि एरर पुसली. पुढचे सगळे दिवस मी ऑफिसला जाताना डॅशबोर्डकडे बघत होतो, रस्त्याकडे कमी. दिवा लागला नाही. लागलाच नाही.

शनिवारी मेव्हणा आला तो थेट सीटकव्हर घेऊन. जांभळी!

"भाऊजी, चावी?"

मी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. पिवळ्याचा मागमूस नाही. मग मी त्याला ऐकवलं. नवे सेन्सर इंजिनात रुळायला वेळ लागतो, जाणकार माणूस घाई करत नाही, वगैरे वगैरे. तो सीटकव्हरची गुंडाळी करून ऐकत होता. एवढ्यात बायको बाहेर आली. तिच्या हातात तेलाची बाटली होती. जवळजवळ भरलेली.

"बिजागऱ्यांना चार थेंब पुरले," ती म्हणाली. "फिल्टरमधून तेल निथळत होतं, अहो. तुमचा तो पंप हवा ओढणार म्हटल्यावर तेलही ओढणार. ते उडून त्या तारेवर बसत होतं. दर रविवारी तुम्ही तार पुसत होतात आणि दर रविवारी बरबटायची सोय करत होतात. म्हणून बाटली लपवली. एका वेळी एकच गोष्ट."

मेव्हणा इतका हसला की त्याला बॉनेटवर हात टेकावा लागला. माझ्या बॉनेटवर!

गाडी वाचली, हे खरं. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. पण चावी तेव्हापासून बायकोकडे आहे. ती चालवते, मी शेजारी बसतो. हल्लीच माझ्या लक्षात आलं की मी सीटबेल्ट न लावताही माझ्या बाजूचा दिवा लागत नाही. मेव्हणा त्याच सीटवर बसला की लगेच लागतो, टुंगटुंग वाजतोसुद्धा. म्हणजे सीटवर माणूस आहे हे वजनावरून ओळखणारा सेन्सर मला मोजतच नाही. मी यंत्र खोचून पाहिलं. उत्तर आलं: एकही दोष नाही.

"हा सेन्सर बदलायला हवा," मी म्हणालो.

"हात लावू नका," बायको गिअर टाकत म्हणाली. "आत्ता कुठं सगळे सेन्सर बरोबर चालायला लागलेत."