कस्तुराबाईंची तीट

रोहिणीच्या बाळाला पाचव्या दिवशी दुपारी घरी सोडायचं ठरलं होतं. डॉक्टर तयार होते, जीप तयार होती, पण टॅब काही सोडेना.

हा टॅब महिन्याभरापूर्वी तालुक्याच्या त्या दवाखान्यात आला होता. बाळाचा फोटो काढला की आतली कृत्रिम बुद्धिमत्ता कातडी तपासायची. हिरवी खूण आली तर घरी, लाल आली तर डॉक्टरांकडे. तरुण सिस्टर अर्पिता त्याच्यावर बेहद्द खूश होती. सव्वीस वर्षं बाळं हाताळलेल्या सुमंगला सिस्टरचं मत मात्र पहिल्याच दिवशी ठरलं होतं. "बाळाची कातडी बोटाला कळती बाई, काचेला काय कळनार?"

आता काचेवर लाल अक्षरं होती. 'गालावर काळा डाग. तज्ज्ञांना दाखवा.'

"अगं, तीट हाय ती!" म्हणत सुमंगला सिस्टरनी ओल्या कापसानं गाल पुसला. पुन्हा फोटो काढला, तर डाग तळपायावर. तोही पुसला. तिसऱ्या फोटोत डाग कानामागे.

"मॅडम, डाग फिरायलाय!" अर्पिता घाबरून म्हणाली.

बाहेर बाळाचा बाप महारुद्र जीपचा हॉर्न वाजवत होता. संध्याकाळी त्यांच्या गावी, राणीसावरगावला पाचवीची पूजा होती. पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते. बाळच घरी नसेल तर ती कुणाचं लिहिणार, या काळजीनं आजी कस्तुराबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात परभणीच्या जिल्हा रुग्णालयातून फोन आला. टॅबनं सगळे फोटो, सकाळच्या फेरीत घाईनं काढून न पाहिलेलेही, आपणहून तिकडे धाडले होते. "सिस्टर, तुमच्याकडं चार बाळांना काळे डाग? साथ आली का काय? पथक पाठवायलोत!"

"चार?" दोघींनी माना वळवल्या. बाकीच्या तीन खाटांवरही बाळांच्या गालावर ठिपके होते आणि कस्तुराबाई काजळाची डबी घेऊन शेवटच्या खाटेपाशी उभ्या होत्या.

"आजी, हे काय करायलाव?"

"माय, तुमी घडीघडी फोटू काढायलाव. फोटूनं नजर लागती. म्हनून फोटू झाला की मी तीट लावायलेय. ह्या लेकरांचेबी काढले न्हवं काल, आन आज सकाळी परत? त्यांच्या आज्या न्हाईत इथं, मग मीच लावली."

या हिशेबात खोट नव्हती. फोटो म्हणून तीट, तीट म्हणून लाल खूण, लाल खूण म्हणून पुन्हा फोटो. संध्याकाळपर्यंत बाळाची ओळख पटली नसती.

डबी जप्त झाली. पथक परभणीतच थांबलं. सुमंगला सिस्टरचा आनंद गगनात मावेना. "बघ तुझं यंत्र! साधी तीट कळंना त्याला."

बाळानं जांभई देत मान मागं टाकली तेवढ्यात अर्पितानं पडल्या चेहऱ्यानं शेवटचा फोटो काढला. 'मानेच्या घडीत पुरळ.'

"आता कुठंय काजळ? बिघडलंय ते," म्हणत सुमंगला सिस्टरनी खात्री पटवायला स्वतःच बाळाची हनुवटी उचलली. आतल्या घडीत पू धरलेल्या तीन-चार बारीक पुटकुळ्या होत्या. सकाळी बाळाला पुसून काढलं होतं ते त्यांनीच. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. त्यांना मनापासून लाज वाटली.

डॉक्टरांनी मलम दिलं. "भिण्यासारखं काही नाही, वेळेवर दिसलं. पण आज इथंच राहू द्या."

कस्तुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आन पाचवी?"

"इथंच करू, आजी," सुमंगला सिस्टर म्हणाल्या.

"सटवाईला दवाखान्याचा पत्ता ठावं हाय का?"

"अर्ध्या तालुक्याचं नशीब तिनं ह्याच वॉर्डात लिहिलंय."

हे कस्तुराबाईंना पटलं. संध्याकाळी स्टुलावर हळदकुंकू, सुपारी, कोरा कागद आणि पेन मांडलं गेलं. मग त्यांनी थोडा विचार केला, कागद-पेन उचलून बाजूला ठेवलं आणि त्या जागी टॅब आणून त्याला कुंकू लावलं. "ह्याला समदं कळतंय. आता सटवाई ह्याच्यातच लिहील की."

अर्पितानं धास्तावून सुमंगला सिस्टरकडं पाहिलं. त्यांनी शांतपणे कागद उचलला आणि पेनासकट टॅबच्या शेजारी नीट मांडला.

"दोनीबी असू द्या, आजी. एकाचं चुकलं तर दुसरं हाय."

मग त्या अर्पिताच्या कानाशी लागल्या. "चार्जिंग हाय ना गं त्याला? ऐन टायमाला बंद पडायचं."